बीएडचं कर्ज कुठल्या पगाराशी तोलायचं?

बीएडला घालायचं का, असा विषय घरात निघाला की कोणीतरी पगाराचा आकडा सांगतंच. "हायस्कूलच्या मास्तराक आता साठ हजार मेळतत." आकडा खोटा नाही. सातव्या वेतन आयोगानुसार प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता आणि ग्रामीण भागाचं घरभाडं धरलं, तर बेरीज त्रेसष्ट हजारांवर जाते. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे दहा टक्के कापले तरी सत्तावन्न हजारांच्या आसपास हातात पडतात. डीएडवाल्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून आहे. त्याच हिशेबानं त्याच्या हाती त्रेचाळीस हजारांच्या पुढे-मागे येतात.

पण हा सुरुवातीचा पगार नव्हे. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात आणि त्या काळात मिळतं ते मानधन: पहिली ते आठवीला महिन्याला १६,०००, नववी-दहावीला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. त्याआधी हेच आकडे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. या मानधनावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही.

बँक शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू करते ती याच तीन वर्षांत. बरेचदा त्याही आधी. म्हणून कर्ज तोलायचं ते सोळा-अठरा हजारांशी. साठ हजारांचा आकडा लग्नाच्या बोलणीत ठीक आहे.

इन्सुलीतून निघणारा खर्च

इन्सुली हे सिंधुदुर्गातलं, सावंतवाडी आणि बांद्याच्या मधलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. सीमेवरच्या तपासणी नाक्यामुळे नाव सगळ्यांना ठाऊक. सकाळी इथून तरुण पोरं निघतात ती दोन दिशांना. काही सावंतवाडी-कुडाळकडे कॉलेजला, बाकीची बांद्यावरून पत्रादेवी ओलांडून गोव्यात कामाला. बीएडचा खर्च काढताना या दोन्ही दिशा डोळ्यांसमोर हव्यात.

फीपासून सुरू करू. खासगी विनाअनुदानित बीएड कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती कॉलेजागणिक वेगळी असते आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकलं की वर्षवार दिसते. माहितीपत्रकातला आकडा आणि तिथला आकडा ताडून बघा. फरक असेल तर तो कशाचा, हे लेखी विचारा. मान्य फीच्या वर पावतीविना काही मागणं हे १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली बेकायदा आहे.

समजुतीसाठी फी वर्षाला ४५,००० धरू. दोन वर्षांचे ९०,००० झाले. विद्यापीठाची नोंदणी, परीक्षा आणि किरकोळ शुल्कं मिळून ८,०००. घरी राहून एसटीनं जाणं-येणं आणि बाहेरचं एखादं खाणं महिन्याला १,५०० धरलं, तर वीस महिन्यांचे ३०,०००. मुलींना इथं थोडा दिलासा आहे, कारण मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे.

मग येतो तो खर्च जो माहितीपत्रकात कधीच छापलेला नसतो. पाठ टाचणाच्या वह्या, तक्ते, कार्डशीट, प्रतिकृती, झेरॉक्स, सराव पाठाच्या दिवशीची ठरावीक रंगाची साडी किंवा शर्ट-पँट. सराव पाठाच्या आदल्या रात्री घराच्या पडवीत थर्माकोल, फेव्हिकॉल आणि स्केचपेनांचा पसारा घालून बसलेली मुलगी ज्यानं पाहिली असेल, त्याला हा खर्च किती ते सांगायला नको. दोन वर्षांचे १५,००० धरा. सीईटी (बीएडची प्रवेश परीक्षा), टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीची चाचणी) या तीन परीक्षांची शुल्कं, त्यांची पुस्तकं आणि जिल्ह्याबाहेर केंद्र आलं तर जाणं-राहणं, याचे आणखी १२,०००.

बेरीज १,५५,०००. कोल्हापूरला राहून केलं आणि खोली-मेस महिन्याला ६,००० धरली, तर हाच आकडा २,४५,००० वर जातो. घरापासून एसटीच्या अंतरावर जागा मिळत असताना नव्वद हजार जास्त मोजून लांबचं कॉलेज घेण्याला माझ्या मते एकच कारण पुरेसं आहे: तुमच्या विषयाची अध्यापन पद्धती जवळ नसणं. भरतीत कॉलेजच्या नावाला गुण नाहीत.

आता सगळ्यात मोठा खर्च, जो कोणी कागदावर मांडतच नाही. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं. त्यात वीस आठवडे शाळेत आंतरवासिता असते. हजेरी एरवी ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के लागते. म्हणजे नोकरी सांभाळून रीतसर बीएड होत नाही. इन्सुलीतल्या पदवीधराला मोपाच्या विमानतळावर, म्हापशातल्या दुकानात किंवा पेडण्याकडच्या हॉटेलात काम मिळतं. प्रवासखर्च वजा जाता महिन्याला १२,००० उरतात असं धरलं, तरी दोन वर्षांत २,८८,००० रुपये सुटले. फीच्या तिपटीहून जास्त. ही रक्कम कर्जात दिसत नाही, पण घराच्या मिळकतीतून ती गेलेली असते.

"दाखल्यापुरतं नाव घाला, परीक्षेला या" म्हणणारे दलाल भेटतात ते या हजेरीच्या अटीमुळेच. कुठल्यातरी परराज्यातल्या कॉलेजचं नाव सांगतात, एकरकमी पैसे घेतात. कागदपत्रं तपासणीत असा माणूस उघडा पडतो आणि तोवर फीही गेलेली असते, वर्षंही. नोकरीत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बीएड अभ्यासक्रम आहे. तो नव्या उमेदवाराचा आडमार्ग नव्हे.

कर्जाआधी सवलत

शाखा व्यवस्थापकाच्या टेबलासमोर बसण्याआधी शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर बसा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं २०२४-२५ पासून मुलींचं व्यावसायिक शिक्षण मोफत केलं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून आठ लाखांच्याच मर्यादेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे.

या सगळ्याला एक कळीची अट आहे. प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला हवा. कॅपमध्ये मनासारखं कॉलेज लागलं नाही म्हणून व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, की सवलत गेली. गोव्यातल्या कॉलेजात गेलं तरी फीमाफी गेली. माझ्या पाहण्यात लोकांचा सगळ्यात मोठा तोटा इथंच होतो. कॅपच्या दुसऱ्या पसंतीचं कॉलेज नाकारून संस्थास्तरावर पहिल्या पसंतीचं घेणारी मुलगी चाळीस-पन्नास हजारांची माफी स्वतःच्या हातानं सोडते, आणि तेवढ्याच रकमेसाठी मग बँकेत अर्ज करते.

माफी पूर्ण असली तरी विकास शुल्क आणि इतर शुल्कं उरतात, जाण्या-येण्याचा खर्च तर उरतोच. शिवाय शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा येतो. उत्पन्नाचा दाखला सावंतवाडी तहसीलमधून मे महिन्यातच काढून ठेवा. जुलैत सेतूबाहेरची रांग बघून माणूस शिक्षणच नको म्हणेल. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही आत्ताच बघा, नाहीतर मंजूर झालेला हप्ताही अडकतो.

वरच्या बेरजेतून मुलीची फीमाफी वजा केली, तर १,५५,००० चे साधारण सत्तर हजार राहतात. हे दोन वर्षांत विभागून येतात. काजूच्या हंगामाचे पैसे मेअखेर हातात असतात आणि कॉलेजची वेळ ऑगस्टनंतर येते. मधल्या महिन्यांत ते पैसे लग्नकार्यात आणि पत्र्याच्या शेडात जाऊ दिले नाहीत, तर अशा घराला कर्जाची गरजच पडू नये.

बँकेचा कागद वाचताना

शिकणारा मुलगा असेल, सवलत निम्मीच असेल किंवा बाहेर राहावं लागणार असेल, तर कर्ज येतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी निधीचं संरक्षण असतं. बीएडला त्याच्या जवळपासही जायचं कारण नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला की त्यांचंही सिबिल खराब होतं, आणि उद्या त्यांना काजू प्रक्रियेचं युनिट घालायला कर्ज हवं असेल तेव्हा ते आठवतं.

परतफेड सुरू होते ती अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानं. बँकेच्या पत्रात याला मोरेटोरियम म्हटलेलं असतं. या काळात हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. बऱ्याच जणांची समजूत उलटी असते, म्हणून उदाहरण घेऊ.

दीड लाखाचं कर्ज, दर वर्षी ७५,००० उचललेले, व्याज दहा टक्के. पहिल्या ७५,००० वर तीन वर्षांचं सरळ व्याज २२,५००, दुसऱ्या ७५,००० वर दोन वर्षांचं १५,०००. परतफेडीच्या पहिल्या दिवशी तुम्ही देणं लागता १,८७,५०० रुपये. पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता ३,९८४, सात वर्षांत ३,११३, दहा वर्षांत २,४७८. दहा वर्षांचा हप्ता गोड वाटतो. पण एकूण जातात २,९७,०००, म्हणजे घेतल्याच्या जवळपास दुप्पट. सात वर्षांत २,६१,००० जातात.

शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत राहिलं, म्हणजे पहिल्या वर्षी ६२५ आणि नंतर १,२५० रुपये, तर मुद्दल दीड लाखच राहतं आणि सात वर्षांचा हप्ता २,४९० वर येतो. अनेक सरकारी बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. शनिवार-रविवारच्या दोन-तीन शिकवण्यांतून हे व्याज निघतं. बीएड करणाऱ्याला तो सरावच आहे.

कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत मोरेटोरियमचं सगळं व्याज सरकार भरतं. अट अशी की अभ्यासक्रम व्यावसायिक हवा आणि संस्थेला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन हवं. म्हणून कॅपचा पर्याय भरतानाच कॉलेजचं नॅक चालू आहे की मुदत संपली आहे, ते बघायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना मात्र वरच्या क्रमांकाच्या निवडक संस्थांपुरती आहे. जिल्ह्यातल्या साध्या बीएड कॉलेजला तिचा उपयोग होईल अशी आशा धरू नका. इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, तिची चौकशी ओरोसच्या जिल्हा कार्यालयात करा.

पतसंस्थेतून किंवा सोनं ठेवून पैसे उचलणं आपल्याकडे सोपं वाटतं, कारण कागद कमी लागतात. पण तिथं मोरेटोरियम नाही. व्याज पहिल्या महिन्यापासून, आणि सोन्याची मुदत बहुधा वर्षाची. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारा महिन्यांचं कर्ज हा जमाखर्च जुळत नाही.

बँकेची तारीख आणि भरतीची तारीख

इथवरचा हिशेब कुठल्याही अभ्यासक्रमाला लागू आहे. शिक्षकी पेशाचं दुखणं पुढं आहे.

पदवी मिळाली म्हणून नोकरीचा अर्ज करता येत नाही. आठवीपर्यंत शिकवायला टीईटी किंवा सीटीईटी लागते. त्यानंतर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे गुणांची. त्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदा आणि अनुदानित संस्थांत निवड होते. टीईटी सुटली की जन्मभर चालते. टेट मात्र शासनाच्या मनात येईल तेव्हा होते. पहिली झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. तिसरी मे-जून २०२५ मध्ये. पहिल्या दोन परीक्षांत सव्वापाच वर्षांचं अंतर आहे.

आता इन्सुलीतल्या एका मुलाचं कल्पित उदाहरण घेऊ, तारखा मात्र खऱ्या. त्यानं २०१७ मध्ये वरचंच दीड लाखाचं कर्ज काढून बीएडला प्रवेश घेतला. डिसेंबर २०१७ च्या टेटच्या वेळी तो पहिल्या वर्षाला होता. २०१९ च्या मध्याला पदवी मिळाली. २०२० च्या मध्याला बँकेचा ३,११३ चा हप्ता सुरू झाला. टेट कुठं आहे? २०२३ मध्ये. त्या परीक्षेला राज्यभरातून दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले आणि जाहिराती निघाल्या एकवीस हजारांवर जागांच्या. समजा त्याचं नाव लागलं. निवडयादी आली फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस. तोवर त्यानं चव्वेचाळीस हप्ते, म्हणजे सुमारे १ लाख ३७ हजार रुपये, शिक्षकाच्या एका पैशाच्याही कमाईविना भरलेले असतात. मग तीन वर्षं मानधन. पूर्ण वेतनश्रेणी लागते २०२७ च्या मार्चमध्ये. कर्ज फिटतं २०२७ च्या मध्याला.

ज्या पगाराच्या भरवशावर कर्ज काढलं, तो पगार कर्ज फिटत आल्यावर सुरू झाला. आणि हा निवड झालेला मुलगा आहे.

हाच मुलगा तीन वर्षं उशिरा जन्माला आला असता, तर २०२२ मध्ये पदवी, २०२३ मध्ये टेट आणि हप्ता सुरू झाल्यावर आठ-नऊ महिन्यांत नेमणूक. हुशारीत फरक नाही, फक्त सालात आहे. २०२५ च्या टेटला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसू दिलं होतं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. २०१० च्या सुमारास डीएड कॉलेजांचं पीक आलं होतं. बारावीला चांगले गुण पडलेली मुलगी डीएडला जायची, हे ठरलेलंच. मग २ मे २०१२ ला शिक्षक भरती बंद झाली, २०१३ पासून टीईटी आली आणि रिक्त जागा भरायला २०१९ उजाडलं. त्या काळातले डीएडधारक आज चाळिशीला टेकले आहेत. स्थानिकांना प्राधान्य द्या म्हणून जिल्ह्यातल्या डीएडधारकांनी ओरोसला उपोषणं केली, तीही सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर राज्याचे शालेय शिक्षणमंत्री असताना. बाहेरच्या जिल्ह्यातले शिक्षक इथं रुजू होतात आणि आंतरजिल्हा बदली मिळाली की आपल्या गावी जातात, शाळा पुन्हा रिकामी, ही तक्रार गावोगाव ऐकू येते आणि ती रास्त आहे. पण निवड राज्यस्तरावर गुणांनी होते. तुमचीही नेमणूक पालघरला किंवा नंदुरबारला होऊ शकते. खर्चात ते धरा.

जिल्ह्यातच जागा निघतील याची आशा किती ठेवायची? २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. दहावीच्या निकालात कोकण मंडळ दर वर्षी राज्यात पहिलं, पण वर्गात बसायला मुलंच कमी. पट कमी झाला की शाळेची शिक्षकपदं ठरवणाऱ्या संच मान्यतेत पद जातं. कमी पटाच्या शाळांवर डीएड-बीएडधारकांना महिन्याला १५,००० रुपयांनी कंत्राटी नेमण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मागेही घेतला गेला. अशा नेमणुकीच्या भरवशावर सात वर्षांचा हप्ता बांधून घेऊ नये.

गोवा जवळ, गोव्याची सरकारी शाळा लांब

पत्रादेवी हाकेच्या अंतरावर, पण गोव्याच्या सरकारी शिक्षकपदाला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं. मालवणी बोलणाऱ्याला कोकणी अवघड नाही, दाखला अशक्य आहे. गोव्यातल्या खासगी शाळांत मात्र बीएडवाल्याला काम मिळू शकतं. कर्ज असेल तर टेटची वाट बघत घरी बसण्यापेक्षा ते घ्या.

आपल्या बाजूच्या खासगी विनाअनुदानित शाळांबद्दल जरा स्पष्ट बोललं पाहिजे. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानं आणि १९८१ च्या नियमांनी त्यांनाही वेतनश्रेणी बांधील आहे. प्रत्यक्षात पगार पाच आकडी होईलच असं नाही. "अनुदान येतला, थांबा" या वाक्यावर लोकांनी दहा-दहा वर्षं काढली आहेत. अनुदान आलंच तर ते टप्प्याटप्प्यानं, आधी २० टक्के, मग ४०, मग ६०. वीस टक्क्यांवरच्या शाळेत पगारही त्याच प्रमाणात.

संस्थेत "डोनेशन" देऊन चिकटणं, याला कर्ज काढायचा विचारही नको. संस्थेचा नेमणूक आदेश म्हणजे नोकरी नव्हे. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळाली आणि पगाराच्या शालार्थ प्रणालीत क्रमांक आला, तरच सरकारी पगार. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ क्रमांकांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा असे पैसे देऊन लागलेले लोकही अडकले.

डीएड की बीएड?

११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीला बीएड चालत नाही, डीएडच हवं. त्यामुळे डीएडला पुन्हा थोडी किंमत आली. बारावीनंतर दोन वर्षांत हातात पदविका, सीईटी नाही, प्रवेश गुणांवर. कमी खर्चात शिक्षक व्हायचं तर हा रस्ता अजूनही जवळचा. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांचं एकात्मिक बीएड करण्याचं म्हटलं आहे. आज बारावीत असलेल्यानं नुसत्या डीएडवर थांबू नये, पुढं पदवी करण्याचं मनात ठेवूनच ते घ्यावं. गणित-विज्ञान घेऊन बीएस्सी झालेल्याला मी बीएडच सांगेन, कारण भरती रखडली तरी शिकवणीचा आणि खासगी शाळांचा बाजार त्याला उपाशी ठेवत नाही. नुसत्या मराठी किंवा इतिहासाच्या पदवीवर कर्ज काढून बीएड करणाऱ्याला मात्र मी दोनदा विचार करायला सांगेन. आपल्या भाषेबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं, पण हप्ता भाषा बघत नाही.

किती कर्ज झेपेल?

शिक्षण सेवकाचे १६,००० घ्या, नेमणूक घरापासून लांब. खोली ३,०००, जेवण ४,५००, घरी जाणं-येणं २,०००, फोन-औषध-कपडे १,५००. उरले ५,०००. व्यवसाय कर मुलाला २०० रुपये, मुलीला २५,००० पर्यंत माफ. या पाच हजारांतून ३,११३ चा हप्ता जातो आणि महिनाअखेर अठराशेच्या आसपास हातात राहतात. ओढाताण आहे, पण निभतं. तीन लाखांचं कर्ज असतं तर हप्ता ६,२२६, म्हणजे दर महिन्याला घरूनच पैसे मागवायचे.

माझा ठोकताळा असा: हप्ता मानधनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. १६,००० चा पाचवा भाग ३,२००. सात वर्षांच्या मुदतीत तो दीड लाखाच्या मुद्दलापाशी येतो. आणि हाच हप्ता शिक्षकी न मिळता, मोपा-म्हापशाच्या पगारातूनही झेपला पाहिजे, कारण टेट कधी होईल हे बँकेलाही ठाऊक नाही आणि शासनालाही.

तेव्हा सीईटीचा अर्ज भरण्याआधी शुल्क प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फी, सेतूतून उत्पन्नाचा दाखला आणि बँकेतून मोरेटोरियम संपतानाची रक्कम, हे तिन्ही आकडे कागदावर घ्या. बँकेत तोंडी सांगतील, ते लेखी मागा. शिकता शिकता टीईटी सोडवून ठेवा. आणि सगळ्या सवलती धरूनही कर्ज दीड लाखाच्या वर जात असेल, तर एक वर्ष गोव्यात काम करून पैसे बाजूला टाका. बीएडची सीईटी दर वर्षी होते.